उशिरा पाड लागतो इथं

निबाल्दो, तुझी तोडणी उरकली म्हणे.
ओळींमधून गांधीलमाश्या झिंगून पडल्या असतील,
बायकांच्या कोपरांपर्यंत रस चढला असेल.
माझ्याकडे अर्धा घड अजून हिरवा,
अर्धा कसाबसा जांभळट,
आणि एप्रिल उजाडायला वीस दिवस.

एकाच वेलीची कलमं आपली.
आईनं ओल्या गोणपाटात गुंडाळून
निम्मी तुझ्या हाती दिली, निम्मी माझ्या.
तू नदीच्या उगमाकडे गेलास,
डोंगराच्या खोबणीत,
जिथं ऊन दगडालाही पिकवतं.
मी खाली आले समुद्राकडे.
प्रेमापोटी, असं लोक सांगतात.
खरं तर जमीन स्वस्त होती.

स्वस्त का, ते पहिल्याच पहाटे कळलं.
दक्षिणेकडून गार पाण्याचा प्रवाह
किनाऱ्याला अंग घासत जातो,
आणि त्याच्या पाठीवरून उठलेली कामांचाका,
ते आमचं धुकं,
गुरं वळवल्यासारखं कळपानं वर चढतं.
अकरापर्यंत शेजारची ओळ दिसत नाही.
कुत्रा भुंकतो तो आपला की परका, कळत नाही.
मग दोन-तीन तास ऊन.
मग वारा असा, की पानं
तळवे उलटे करून दाखवतात :
काही नाही हो आमच्याकडे.

एलेउतेरियो मरेपर्यंत म्हणत होता,
वेल उपट, लसूण लावू.

तुझी वाइन मला आवडत नाही असं नाही.
ती फाटकातूनच मोठ्यानं हाक मारते,
मिठीत घेते, खिशात मनुका कोंबते,
आणि दुसऱ्या पेल्याला
माझं डोकं मांडीवर घेऊन झोपवते.
माझी येते मागच्या दारानं, चपला हातात घेऊन.
रंग एवढा उतरता की पेल्याआडची बोटं मोजावीत.
आधी जिभेच्या कडांना चिमटा,
मग नुकती कुटलेली मिरी,
मग खारवलेलं ऑलिव्ह, एखादं रानफूल,
आणि सगळ्यात शेवटी ते,
रात्रभर दोरीवर राहिलेल्या चादरीला असतं ते.
मीठ म्हणावं तर मीठ नाही.

सान्तियागोचा व्यापारी आला होता.
पेला खिडकीशी धरून म्हणाला,
बाई, याला ऊन कमी पडलंय.
म्हटलं, पडलंय खरं.
पण जेवढं पडलं तेवढं सगळं आत आहे.
बारा पेट्या घेऊन गेला. सहाचे पैसे दिले.

आणि परवा रात्री तुझा फोन.
तीस वर्षं माझ्या द्राक्षांना हुडहुडी भरते म्हणून
नाताळच्या जेवणात हसवलंस सगळ्यांना,
आणि परवा तुझा आवाज कोरड्या पाटासारखा.
म्हणालास, यंदा साखर धावत सुटली,
बी मागेच राहिली, हिरवी.
आंबटपणा तर उडूनच गेला.
पिंपात नुसता मुरंबा आहे, ओतिलिया.
तुझी दोन पिंपं देशील? मिसळायला?

मी गप्प बसले.
तुला वाटलं लाइन तुटली,
तू दोनदा हॅलो म्हणालास.
तेवढ्यात मी एकदा हसून घेतलं, खोटं कशाला बोलू,
आणि मग तुझ्या दारची ती उंच भिंत आठवली,
तिच्या सावलीत सुद्धा यंदा पाल थांबली नसेल.

देईन. पण थांबावं लागेल.
आज सकाळी तीन ओळींतून एकेक मणी तोडून
बिया दातांनी फोडल्या.
तुरट. ओल्या काडीसारख्या मोडतात.
भाजल्या शेंगदाण्यासारख्या कडकडल्या
की त्या दिवशी कळवीन.
घाई करून चालत नाही,
इथं मला कोणी विचारतही नाही,
समुद्र ठरवतो.

तोवर पिंपांची झाकणं घट्ट लाव.
येताना स्वेटर आण, तुझ्याकडे असेल तर.
नसेल तर एलेउतेरियोचा आहे.
थोडा ओलसर असेल,
इथं काहीच पुरतं वाळत नाही.